कॅफेतली हळद

माझं दुसरं लग्न नवीन पनवेलमधल्या एका कॅफेत लागलं. वधू पहिलीच होती.

आयुष्य वृत्तसंपादनात गेलं, म्हणून क्रमाने सांगतो. त्या संध्याकाळी मला लग्न करायचं नव्हतं, गाणं म्हणायचं होतं. माझं एक गाणं आहे. एकच. उरणकडच्या मिठागरांवर, कॉलेजात असताना लिहिलेलं. मिठागरं गेली, तिथे कंटेनर आले, माझे केसही गेले. गाणं मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण ते कधी कोणी ऐकलंच नाही. घरात मी गिटार काढली की माधवी, म्हणजे माझी बायको, मिक्सर लावते. (एवढी चटणी कोणाच्याच घरात लागत नाही. मी चौकशी केली आहे.)

त्या कॅफेत दर शनिवारी मोजकी माणसं जमतात आणि कोणी ना कोणी स्वतःची गाणी म्हणतं. मागच्या खुर्चीवर बसून मी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. कार्यक्रम ठरवणाऱ्या तन्वीला अधूनमधून विचारायचो. ती म्हणायची, "काका, नक्की बघू हं!" या 'नक्की बघू'चा अर्थ मला ठाऊक आहे. कवितांच्या पाकिटांना मी वर्षानुवर्षं हेच उत्तर दिलेलं आहे.

एकदा बोलता बोलता मी तिला सांगितलं, की जासईची माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नांत धवळे गाऊन जी लग्न लावते, ती धवलारीण. तन्वीने कप खाली ठेवला.

"लाइव्ह? ओरिजिनल? काका, त्यांना आणाच! पंधरा मिनिटं त्या, मग तुम्ही."

मला फक्त 'मग तुम्ही' ऐकू आलं.

जासईला गेलो तेव्हा आत्या दारात सुकट निवडत बसली होती.

"आत्या, पनवेलला गायला येशील?"

"येन की. कोनाचा लगीन हाय?"

"कोणाचं नाही. लोकांना नुसतं ऐकायचं आहे."

तिचा हात थांबला. "आयकाचा हाय? आता हलदीला डीजे आनतान. मना साडी देतान, खुर्ची देतान नि सांगतान, बस आत्या, जेवून जा. धवले बोल म्हनून कोनी सांगत नाय." मग परत सुकट निवडायला लागली. "मी आपली चुलीपुढं बोलते. इसरू नये म्हनून."

"मग येतेस ना?"

"येते. पन लगीन पायजे."

मी 'बरं' म्हटलं. कलावंत मंडळी असं काहीतरी म्हणतातच, असं मला वाटलं. (एरवी मी दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी सोडत नाही!)

शनिवारी माधवीही कॅफेत आली, आणि आत्या हिरवं लुगडं नेसून आली. पिशवीत तांदूळ, सुपारी, आंब्याचे टहाळे. मी गिटार लावून तयार होतो. आत्याने व्यासपीठावरचा माइकचा स्टँड हलवून पाहिला.

"ह्यो बरा हाय. मांडवाचा खांब झाला." आणि तिने त्याला टहाळे बांधले. "नवरा-नवरी कुठं हायेत?"

"अगं आत्या, नुसतं गायचं आहे."

"नुसता? देवांना नुसता बोलवू? आले नि इचारला, कोनाचा लगीन, तं मी काय सांगू? कॉफी प्या?"

समोरची मंडळी हसली. तन्वी माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "काका, एखादं कपल बघू का?" तेवढ्यात आत्याचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"याचाच लावते. याचा राहिलाय."

हे खरं होतं. मी आणि माधवी नोंदणी कार्यालयात सह्या करून मोकळे झालो होतो. त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. त्या दुपारी आत्या जासईत नवं लुगडं नेसून बोलावण्याची वाट बघत होती, हे मला कॅफेत कळलं.

"माधवी, तू तरी सांग काहीतरी!"

"मी काय सांगू? सरक जरा," असं म्हणून माधवी शेजारी बसली.

गिटार भिंतीला टेकली. हळद हवी झाली. कॅफेत हळदीची कॉफी मिळते. तिची बरणी आली. त्यात मिरीही असते, हे डोळ्यांत गेल्यावर समजलं! माझ्यानंतर गाणाऱ्या दाढीवाल्या तरुणाला आत्याने हाक मारली, "ए दारीवाल्या, तू करवला. नवऱ्यामागं उभा ऱ्हा." तो युकुलेली छातीशी धरून उभा राहिला.

मग आत्या गाऊ लागली. ताल नाही, वाद्य नाही. तिने देवांना लग्नाचं आवतण द्यायला सुरुवात केली. जासईचे देव झाले, चिरनेरचे झाले, उरणचे झाले. पंधरा मिनिटं केव्हाच सरली. तन्वी हातवारे करत होती. एक कडवं संपताच मी म्हटलं, "आत्या, आता पुरे."

"गप. देव वाटंला लागलेत. त्यांना काय नाक्यावरनं परत धाडू?"

देवांनंतर घरातली गेलेली माणसं आली. आजा, आजी, आणि मग माझ्या बापाचं नाव. बातमीतली विशेषणं कापणारा माणूस मी, त्यामुळे इथेही घालत नाही. कोणीतरी कॉफीचं मशीन बंद केलं. माझ्या बापाला माझ्या लग्नाचं बोलावणं त्या संध्याकाळी गेलं. माधवीने माझा हात धरला होता. माझे डोळे मिरीने वाहत होते, असं मी सगळ्यांना सांगितलं.

शेवटी अक्षता पडल्या. लोक रांगेत येऊन आमचं अभिनंदन करू लागले. "पंगत कुठंय?" एकाने विचारलं. तन्वीने सँडविच वाटली. आणि लग्नाहून जातात तशी, खाऊन, सगळी मंडळी निघून गेली. दाढीवालासुद्धा!

खुर्च्या एकावर एक चढत असताना मी पिवळ्या हातांनी गिटार घेतली आणि गाणं म्हटलं. पूर्ण. श्रोत्यांत आत्या आणि माधवी. आत्याने मान खाली घालून ऐकलं.

"मिठागर दिसला रं," ती म्हणाली. मग थोडा विचार केला. "पन ह्यो कोनाचे लग्नान बोलाचा?"



आत्याला आता सवड नसते. नुसत्या सह्या करून लग्न केलेली जोडपी नवीन पनवेलमध्ये पुष्कळ आहेत, आणि ती तन्वीकडे नंबर लावतात. पोस्टरवर आत्याचं नाव मोठं असतं. खाली बारीक अक्षरांत माझंही असतं: करवला. (दाढीवाल्याने नकार दिला.)

परवा आत्या घरी आली होती. मी जरा आडवळणानेच विचारलं, "आत्या, साथीला गिटार आणू का?"

"आन की. हातात बरी दिसते. पन वाजवू नको. करवला गप असावा."

माधवीने मिक्सर बंद केला. म्हणाली, "आत्या, जरा परत सांगा ना."