रोसित्साचे बिनतिकिटाचे दिवस

रोसित्साने आपल्या मुलींना "पैसे नाहीत" असं कधीही सांगितलं नाही. "आज तिकिटाचा दिवस नाही," एवढंच ती म्हणायची. वर्षातले तीनशे साठ दिवस तिकिटाचे नसतात, हे सहा वर्षांच्या बिल्यानाला आणि चार वर्षांच्या नेदाला अजून कळायचं होतं.

नवरा प्लामेन जर्मनीत कोबीच्या शेतावर राबत होता. गाव सोडून हे कुटुंब सिलिस्त्रा शहरात आलं त्याला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो फोनवरच जास्त भेटायचा. रोसित्सा एका शिवणकारखान्यात उशांचे अभ्रे शिवायची. हिवाळ्यात मालकाने सगळ्यांना अर्ध्या दिवसावर आणलं. पगार अर्धा झाला, पण दुपारी दोननंतरचा वेळ दुप्पट झाला. आता तेवढ्या वेळात दोन मुलींचं करायचं काय? बाजारपेठेत रंगीत चेंडूंनी भरलेली एक खेळखोली होती. तासाला पाच लेव्हा. रोसित्साने काचेतून एकदा आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पाच लेव्हा देऊन मुलांना चेंडूत पुरून ठेवतात होय!" त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

तिची पद्धत साधी होती. कुठेही जायचं ते प्रश्न घेऊन जायचं. हात हलवत गेलेल्या बाईला दारावरचा माणूस तिकीट विचारतो, पण "माझ्या मुलीला एक प्रश्न पडलाय हो," असं म्हटलं की तोच माणूस खुर्ची पुढे करतो. ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. नेदाच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा, त्याचं काहीतरी करणं भाग होतं, एवढंच.

सोमवारी ती दोघींना घेऊन अग्निशमन केंद्रात गेली आणि नेदाने विचारलं, "आग झोपते का?" जवानांनी तिला शिरस्त्राण घातलं, गाडीत बसवलं, घंटा वाजवू दिली. मंगळवारी वेनेताबाईंचं वाचनालय. वेनेताबाई म्हणजे चष्म्याला साखळी लावणाऱ्या, आवाज झाला की भुवई उचलणाऱ्या बाई. पण बिल्याना मोठ्याने वाचायला लागली की त्या स्वतःच नियम विसरायच्या. बुधवारी नाचाच्या तालमी चालत, त्या भिंतीला टेकून बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात नाचाच्या बाईंनी दोघींना रांगेच्या शेपटाला जोडून टाकलं. गुरुवारी संग्रहालय. तिथल्या राखणदाराला नेदाने रोमन लोक शीला कुठे जायचे असं विचारलं, तेव्हा तो बिचारा इतका खूश झाला की त्याने थेट दगडी नालीच दाखवली. वीस वर्षांत त्याला कोणी इतका मुद्द्याचा प्रश्न विचारला नव्हता. शुक्रवारी डॅन्यूबचा काठ. तिथे क्रुमकाका एका डोळ्याने बुद्धिबळाचा पट आणि दुसऱ्याने मासळीचा गळ सांभाळत बसलेले असायचे. घोडा अडीच घरंच का चालतो, याची त्यांनी नेदाला आजवर चार वेगवेगळी कारणं सांगितली होती.

हे सगळं फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदावर लिहिलेलं होतं. शनिवारी कपडे धुणं आणि इमारतीखालच्या मुलींचा खेळ. रविवारचा चौकोन कोरा होता.

एप्रिलच्या सुरुवातीला प्लामेनचा फोन आला.

"आई म्हणतेय, मुलींना गावी घेऊन जाते. शाळा सुरू होईपर्यंत."

"का म्हणून?"

"तुझा पगार अर्धा झालाय, रोसे. तिकडे अंगण आहे, शेळी आहे. शहरात पैशाशिवाय मुलं काय करणार, असं तिचं म्हणणं."

"आणि तुझं म्हणणं काय?"

"रविवारी ती येतेय. बघू दे तिला. तिला ठीक वाटलं तर राहू दे मुली तुझ्याजवळच."

रोसित्साच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा जर्मनीत, आता मुलीही गावी, आणि ही एकटी अभ्र्यांसोबत! पण ती भांडली नाही. "येऊ दे," ती म्हणाली. "दोन दिवस राहा म्हणावं. बघण्यासारखं पुष्कळ आहे."

तो रविवार नेमका ईस्टरच्या आधीचा, फुलांचा रविवार होता. ज्यांच्या नावात फूल, पान, दव, औषधी असं काहीही आहे त्या सगळ्यांचा त्या दिवशी नामदिन. म्हणजे नावात दव असलेल्या रोसित्साचाही आणि औषधी असलेल्या बिल्यानाचाही. नामदिनाचं आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला आठवेल तो आपणहून येतो, आणि आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय पाठवलं तर घराची शोभा होते. पण रोसित्साने हिशोब केला. गेल्या वर्षी आलं होतं कोण? समोरची म्हातारी, आणि तीही मीठ मागायला. या वर्षी सासू आणि ती म्हातारी धरून पाच माणसं. उपासाचे दिवस, म्हणून तिने भोपळा आणि अक्रोड घालून बानित्साचा, म्हणजे पापुद्रेदार पोळीचा, एक तवा भाजला. पाच माणसांना एक तवा म्हणजे उरेल इतका.

चूक झाली ती इथे. गेल्या वर्षी ती शहरात नवखी होती, आणि या हिवाळ्यात नेदाने शहराला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सासूबाई स्तोयांका दहाच्या बसने आल्या. काळा रुमाल, ताठ पाठ, आणि हातात घडी घातलेल्या दोन चौकटीच्या पिशव्या. त्या रिकाम्या पिशव्या कशासाठी आहेत हे कोणी सांगायची गरज नव्हती. रोसित्साने त्या बघितल्या आणि दाराच्या खिळ्याला टांगून ठेवल्या.

"या, आई. प्रवास कसा झाला?"

"बसलं की पोचतं माणूस. मुली फिकुटल्यात."

"त्या आत्ताच उठल्यात."

"दहाला?"

तेवढ्यात घंटा वाजली. वेनेताबाई होत्या, हातात ट्यूलिपची दोन फुलं. "माझ्या वाचकांना नामदिनाच्या शुभेच्छा!" त्या बसतात न बसतात तोच अग्निशमन केंद्रातले दोन जवान आले. मग संग्रहालयाचा राखणदार, सोबत बायको. मग नाचाच्या बाई. सगळे आपले एकेक चॉकलेट, एकेक फूल घेऊन, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "कुठे आहे ती प्रश्नवाली?"

स्तोयांका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. "हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोमवार," बिल्याना म्हणाली. "आणि तो गुरुवार. त्या मंगळवार."

बानित्साचे तुकडे आधी चार बोटांचे होते, मग तीन, मग दोन. अकरा वाजता तवा चाटूनपुसून स्वच्छ झाला. आणि तेव्हाच पुन्हा घंटा वाजली. इमारतीतल्या सात मुली, सगळ्या नटून थटून, एका रांगेत. त्यांच्या मागे क्रुमकाका, हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.

स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी राहिली. "काय वाढणार आहेस आता?" आवाजात विजय होता, पण थोडी काळजीही होती. नामदिनाच्या घरात पाहुणा उपाशी जाणं म्हणजे सासूचीही नाचक्कीच.

रोसित्साने एकदा तव्याकडे आणि एकदा क्रुमकाकांच्या पोत्याकडे पाहिलं. उपासाच्या दिवसांतही फुलांच्या रविवारी मासा चालायचा.

"काका, कार्प आहे का?"

"दोन आहेत. सकाळचे. एकेक चार किलोचा."

"आणि तुमची ती कढई?"

"होडीत आहे की! कुठे जातेय?"

रोसित्साने एप्रन सोडला. "मंडळी," ती बाहेर येऊन म्हणाली, "आमच्या घरी नामदिन नदीवर होतो. चला."

"पाहुण्यांना घराबाहेर काढतेस?" सासूबाई कुजबुजल्या. "आमच्याकडे असं कधी झालं नाही!"

"काढत नाही, आई. नेतेय. तुम्ही तेवढे कांदे घ्या."

आणि स्तोयांकांनी कांदे घेतले. हातात काम आलं की बाईचा निम्मा राग ओसरतो, हे रोसित्साला कारखान्यात शिकायला मिळालं होतं.

काठावर जवानांनी चूल पेटवली. आग विझवणाऱ्यांना ती लावताही येते, यावर राखणदाराने तीनदा विनोद केला. कढईत माशाचं सूप रटरटायला लागलं. दुपारभर काठावर हसणं, खाणं, नाच चालला होता. वेनेताबाई चक्क मोठ्याने बोलत होत्या. फक्त स्तोयांका एका दगडावर पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. नेदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, मला एक प्रश्न आहे."

"विचार."

"तू लहान होतीस तेव्हा फुकट काय करायचीस?"

"आमच्या वेळी सगळंच फुकट होतं."

"पण काय?"

म्हातारीने नदीकडे पाहिलं. पाण्यावर वाकलेल्या विलोच्या झाडांच्या फांद्यांना कोवळी पालवी फुटली होती. "या दिवशी," त्या सावकाश म्हणाल्या, "आम्ही सगळ्या मुली ओढ्यावर जायचो. विलोच्या फांदीचं कडं करायचं आणि पाण्यात सोडायचं. जिचं कडं सगळ्यांत आधी वळणापाशी पोचेल ती त्या वर्षीची म्होरकी. मग ईस्टरला बाकीच्या सगळ्यांनी तिच्या घरी जेवायला जायचं."

"तू झालीस म्होरकी?"

"दोनदा."

"आता कोण होतं?"

"आता कोणी नाही." स्तोयांकांनी रुमालाची गाठ विनाकारण घट्ट केली. "गावात अकरा घरांत चुली पेटतात. सगळ्यांत लहान पेत्को, तो अठ्ठावन्न वर्षांचा. ओढा आहे. विलो आहेत. मुली नाहीत."

कढई ढवळता ढवळता रोसित्साचा हात थांबला. अंगण, शेळी, फिकुटलेल्या मुली, ही सगळी बोलायची कारणं होती. म्हातारी त्या दोन पिशव्या भरायला आली होती, कारण तिकडचं घर रिकामं होतं. रोसित्साला तिचा राग आला होता, आता स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी त्या घरातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मग शिकवा की आम्हाला, आई," ती म्हणाली.

"वेडी झालीस? या वयात?"

"तुम्ही कडं करा. पाण्यात मी सोडते."

"तू सोडणार? तुला काय येतं त्यातलं!" असं म्हणून स्तोयांकांनी बूट काढले, मोजे काढून बुटात खोचले आणि सरळ चिखलात उतरल्या. सात मुली, शिवाय बिल्याना आणि नेदा, त्यांच्याभोवती गोळा झाल्या. "जाड फांदी नको गं. तुटते. ही घे, लवलवती. असं वळव. अगं, गाठ कसली मारतेस, मोळी बांधतेयस का?" त्यांचा आवाज आता क्रुमकाकांच्या पटापर्यंत ऐकू येत होता. नऊ कडी झाली. दहावं त्यांनी स्वतः केलं, कोणाला न दाखवता, पाठ फिरवून.

रोसित्सा नदीच्या वळणापाशी जाऊन उभी राहिली. तिथे कोणाचं आधी पोचतं ते तिने ओरडून सांगायचं होतं.

दहा हिरवी कडी पाण्यात पडली. काही जागेवरच फिरत राहिली, दोन गवतात अडकली. बिल्यानाचं बुडालं. प्रवाहाने तीन उचलली. त्यातलं एक वेडंवाकडं, लाल दोरा बांधलेलं, सगळ्यांच्या पुढे डुलत आलं. लाल दोरा नेदाचा होता. त्याच्यामागे वीतभर अंतरावर एक गोल, घट्ट, सुबक कडं होतं. तसं वळण या शहरात दुसऱ्या कोणाच्या हातचं नव्हतं.

"आजीचं!" रोसित्सा ओरडली. "आजीचं पहिलं!"

क्रुमकाकांनी पटावरून मान वर केली, पाण्याकडे पाहिलं, रोसित्साकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. माणूस शहाणा होता.

स्तोयांका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. "माझं कसं येईल?" त्या म्हणाल्या. "मी काही मुलगी आहे का?" पण मुली ओरडायला लागल्या होत्या आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी बोटाने मोजलं. सात आणि दोन, नऊ. मग त्या पाण्यातूनच म्हणाल्या, "पण इतक्या जणी येणार कशा? बसचं भाडं?"

"सात वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही," रोसित्सा म्हणाली. तिने ते केव्हाच पाहून ठेवलं होतं. "तिघी मोठ्या आहेत. त्यांचं त्यांच्या आया बघतील."

दोन दिवस राहायला आलेल्या सासूबाई त्याच संध्याकाळी पाचच्या बसने परत निघाल्या. त्यांना घर झाडायचं होतं, अंडी रंगवायची होती, पेत्कोला सांगून परसात झोका टांगायचा होता. थांब्यावर उभं राहून त्यांनी मुलाला फोन लावला.

"मुली कुठे जात नाहीत," त्या फोनमध्ये ओरडल्या. जर्मनी लांब आहे, म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलायच्या. "इथे त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, गावी काय करतील! आणि मला ईस्टरला नऊ जणींचा स्वयंपाक आहे. नऊ! तुझ्या बायकोला काही सांगायला जाऊ नकोस, तिला सगळं कळतं."

बस सुटली. दोन पिशव्या दाराच्या खिळ्यालाच राहिल्या. घरी आल्यावर बिल्यानाने खुर्चीवर चढून फ्रिजवरच्या कागदात रविवारच्या कोऱ्या चौकोनात 'आजी' असं लिहिलं.

नेदा मात्र दुपारपासून तोंड फुगवून होती, ती जिन्यातच बसली होती.

"आई, माझं पहिलं होतं. लाल दोऱ्याचं. मी पाहिलं."

रोसित्सा तिच्याशेजारी पायरीवर बसली. "तुझंच पहिलं होतं."

"मग तू आजीचं का म्हणालीस?"

"आपल्या घरी आज किती माणसं आली?"

"खूप."

"आजीच्या घरी कोणीच येत नाही."

नेदा विचारात पडली. प्रश्न न विचारता ती इतका वेळ बसलेली रोसित्साने कधी पाहिली नव्हती.

"मग तिला सांगायचं नाही," नेदा म्हणाली.