जेवणाची सुट्टी नसलेलं विमान

माझा स्वभाव संशयी आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. गावातलं दूध संकलन मी चालवते. तिथल्या यंत्रावर एकाच बादलीतलं दूध मी मागे दोन वेळा लावून पाहिलं, तर फॅट वेगवेगळी आली. तेव्हापासून आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही यंत्राचं मी लगेच खरं मानत नाही.

त्यामुळे ग्रामसभेत लष्कराचे साहेब पडदा लावून नवीन विमान दाखवणार म्हटल्यावर मी पुढची जागा धरून बसले. आमचं गाव राहुरी तालुक्यात, लष्कराच्या माळाला लागून. माळावर रणगाडे फायरिंग करतात, तेव्हा आमच्याकडची भांडी मांडणीवर वाजतात. आता रणगाड्यांच्या जोडीला विमान येणार होतं. साहेब म्हणाले, आपल्याच देशात बनवलंय, आत माणूस नाही, वरूनच मारा करतं, आणि एवढ्या उंचावरून ते जमिनीवरचा जीव अंगाच्या उष्णतेवरून ओळखतं. पडद्यावर एक पांढरा ठिपका हलला. "ही शेळी," साहेब म्हणाले. "उंदीरसुद्धा सुटत नाही."

लोक आ वासून बघत होते. मी मात्र त्याआधी दाखवलेल्या रंगीत चित्राचा विचार करत होते. त्यात विमानाखाली हिरवंगार कुरण होतं. आमच्या माळावर दिवाळी सरली की हिरवं म्हणून फक्त निवडुंग उरतो.

"साहेब, हा आमचा माळ न्हाई," मी म्हणाले.

"ताई, ते नमुन्यादाखल आहे."

"मंग इमान तरी खरं हाय का, का तेबी नमुन्यादाखल?"

सगळे हसले. सरपंच मला डोळ्यांनी दटावत होते, पण मला दटावून गप्प बसवणं त्यांना कधी जमलेलं नाही. मी दुसरं विचारलं. रणगाड्यांच्या वेळी फक्त माळाकडेच्या वस्त्या उठायच्या. आता विमान इतकं अचूक म्हणता, आणि पार ओढ्यापर्यंतच्या वस्त्या रिकाम्या करा म्हणता. जो उंदीर ओळखतो त्याला माणसं हलवायची गरज काय?

"सुरक्षेसाठी," साहेब म्हणाले. घरी येताना जो तो हेच बोलत होता, की विमानबिमान सगळं निमित्त आहे, ह्यांना माळ वाढवायचाय. आज दिवसभरासाठी उठा म्हणतात, उद्या कायमचं उठा म्हणतील. मलाही तेच वाटत होतं, आणि आजही वाटतं.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगते. सासूबाई गेल्यापासून ते आणि त्यांची शेरडं, एवढाच त्यांचा संसार. आमचे हे टेम्पोत शेवंती भरून शिर्डीला जातात ते संध्याकाळी उगवतात. म्हणजे दिवसभर सासऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम माझं. त्यांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यातलं सोयीचं तेवढं ते ऐकतात.

माळावरच्या फायरिंगचा एक रिवाज आमच्या गावाला पाठ आहे. टेकडीवर लाल निशाण चढलं की आत जायचं नाही. पण दुपारी जवान जेवायला बसतात. तोफा थांबतात. निशाण वरच असतं, तरी गावाला कळतं की आता जेवण चाललंय. तेवढ्यात माणसं आत शिरून सरपण आणतात, चुकलेलं वासरू आणतात, माळातल्या पाझर तलावावर जनावरं पाजून परत येतात. कुणी परवानगी दिलेली नाही आणि कुणी कधी हटकलेलंही नाही. सासरे तर म्हणायचे, "तोफंलाबी पोट हाय, सूनबाई."

विमानाच्या दिवशी सगळा गाव ओढ्यापलीकडच्या शाळेच्या आवारात येऊन बसला. गाई रस्त्याकडेला बांधल्या, सासऱ्यांनी शेरडं शाळेमागच्या बाभळीला बांधली. सकाळभर माळाकडून धडाम धडाम ऐकू येत होतं. विमान मला दिसलं नाही. नुसती विहिरीवरच्या मोटरीसारखी एक बारीक घरघर, कधी इकडे, कधी तिकडे. मी शेजारणीला म्हणाले, बघ, टेपरेकॉर्डर लावलाय कुठंतरी. ती हसली.

दुपारी धडाके थांबले. बायकांनी भाकरीची फडकी सोडली. मी सासऱ्यांचं पान वाढून घेऊन गेले, तर बाभळीखाली नुसती दावी पडलेली. शेरडं नाहीत, सासरे नाहीत. तोफा थांबल्यावर माणसाने जे करायचं तेच ते करायला गेले होते, शेरडं पाजायला, तलावावर.

मी तशीच उभी राहिले, आणि तेव्हा मला ती घरघर ऐकू आली. ती थांबलेली नव्हती. आत माणूसच नाही, तर जेवायला उतरणार कोण? हे एवढं साधं गावात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर सगळ्यावर संशय घेणारी.

मी पळत माळाच्या तोंडाशी लष्कराच्या नाक्यावर गेले. तिथे तंबूत तेच ग्रामसभेतले साहेब होते. धाप लागलेली, धड बोलताही येईना. "साहेब, थांबवा. माझं सासरं आत गेल्यात. तळ्यावर. पांढरं मुंडासं हाय, संगं शेरडं हायेत."

साहेब घाबरले नाहीत. त्यांनी वायरलेसवर विचारलं, पलीकडून उत्तर आलं, आणि मग ते मला लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले, "ताई, क्षेत्र रिकामं आहे. कॅमेऱ्यात कुणीही नाही. आजोबा घरी गेले असतील, तिकडे बघा."

"न्हाईत घरी. मला म्हाईत हाय."

"ताई, उंदीर दिसतो त्याला."

आयुष्यात पहिल्यांदाच, सरकारने केलेला दावा खरा निघावा असं मला मनापासून वाटलं. खरंच ते विमान तसलं असू दे, उंदीर ओळखणारं असू दे. म्हणजे ज्याअर्थी त्याला कुणी दिसत नाही, त्याअर्थी सासरे तिथे नाहीत. मी त्या न दिसणाऱ्या विमानापुढे मनातल्या मनात हात जोडले. ते आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

मग धडाका झाला. तलावाच्या अंगाला धुळीचा लोट उठला. मी खालीच बसले. पाठोपाठ अजून एक झाला. साहेबांनी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. मी ते प्याले नाही.

सासरे परत आले ते ऊन उतरल्यावर. धुळीने मुंडाशाचा रंग ओळखू येत नव्हता. शेरडं सगळी होती, पण एकही ओरडत नव्हतं. मी त्यांच्या अंगावर ओरडले, सगळ्या गावादेखत, सुनेने बोलू नये असं बोलले, आणि बोलता बोलता रडले. माझ्या ओरडण्यातलं त्यांना त्या दिवशी बहुतेक सगळंच ऐकू आलं.

पाणी प्यायल्यावर म्हणाले, "बांदाच्या आडाला बसलो हुतो. ते माज्या डोस्क्यावरच घिरट्या घालीत हुतं. मी मुंडासं सोडून हालवलं. लई येळ हालवलं."

मी साहेबांकडे बघितलं. ते शेरडांकडे बघत होते. म्हणाले, "हे नंतर आत शिरले असतील." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. चाचणी पूर्ण यशस्वी, विमानाने क्षेत्र रिकामं असल्याची खात्री करूनच मारा केला, वगैरे. मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मंग मी कुटं हुतो?"

ह्याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. विमानाला ते दिसलेच नसतील, तर ग्रामसभेतलं सगळं खोटं. मुंडासं हलवणारा म्हातारा आणि त्याची शेरडं दिसत असतानाही कुणी रिकामं म्हटलं असेल, तर मात्र विमान अगदी सांगितलं तसंच आहे. रात्री अंथरुणावर पडलं की मी देवाकडे मागते, ग्रामसभेतलं ते खोटंच असू दे.

परवा पुन्हा निशाण चढलं, पुन्हा सगळा गाव शाळेत. दुपारी धडाके थांबले तसे सासरे शाळेच्या पायरीवर येऊन उभे राहिले. शेरडं तहानेने दाव्याला हिसके देत होती. मला म्हणाले, "सूनबाई, जरा नाक्यावर जाऊन इचार. आज मानसं हायेत का ते हाय?"

मी नाक्यावर जाऊन विचारलं. तिथला जवान म्हणाला, सांगता येत नाही.

मी परत येऊन सासऱ्यांना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेरडांची दावी अजून एक वेढा घालून घट्ट केली.