पार्वतीकाकूंनी वेचलेले राळे

दत्तूभाऊंचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या एसटी स्टँडवर होते. "आई गेली सकाळी," ते म्हणाले, आणि लगेच, "आता तरी तो सीन काढून टाक." महिना होत आला, मी तो सीन काढलेला नाही. का, ते सांगते.

दत्तूभाऊंची आई म्हणजे पार्वतीकाकू, आहुपे गावच्या. आमच्या भुताच्या सिनेमात त्यांनी आईचं काम केलं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होऊन लेकरासाठी परत येते असं पूर्वी मानायचे. म्हणून तिच्या तिरडीमागे वाटेवर राळ्याचे बारीक दाणे टाकायचे. ते मोजता मोजता ती घरी यायची राहते. मी अंधश्रद्धा निर्मूलनाची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. मी लिहिलेली आई अडाणी होती, भेदरलेली होती. ती राळे टाकायची, तरी हडळ दार वाजवायची. अंधश्रद्धेला चांगली चपराक, असं मला वाटत होतं. काकूंची स्वतःची लेक, सुमन, पंचवीस वर्षांपूर्वी अशीच गेली होती, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. चूक माझी, आणि ती लहान नव्हती.

शूटिंग देवराईच्या कडेला, सकाळच्या उन्हात. तिरडी पुढे निघाली. काकू सुपातले राळे टाकत दहा-बारा पावलं चालल्या आणि खाली बसल्या. एकेक दाणा वेचून पदरात घेऊ लागल्या. असं काही मी लिहिलं नव्हतं. दिग्दर्शक 'कट' म्हणाला, कॅमेरावाल्याने ऐकलं नाही. तिरडी वळणाआड गेली तरी काकू वेचतच होत्या...

नंतर चहा घेताना म्हणाल्या, "तू लिवलंय आई भ्याली. मी न्हवते भ्याले, पोरी. समद्यांनी सांगितलं म्हणून टाकलं. मग तिचं तान्हं मांडीवर घेऊन दार उघडं ठेवून एकलीच बसले, संगं बसाया कुणी न्हवतं. सुमी आलीच न्हाई. म्हणलं, मोजीत बसली आसंल." आणि हसल्या. "तुझी हडळ लई चपळ बाई. आमची जित्तेपणीच आळशी व्हती."

राळे टाकायची ती चाल वाईटच होती, हे मी शंभरदा लिहीन. पण आईला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तिच्या हातात सूप देणाऱ्या भल्या माणसांबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती. मी शेवट बदलला. दार वाजवणारी हडळ गेली, दाणे वेचणारी आई राहिली.

काकूंचे दिवस झाल्यावर दत्तूभाऊंच्या पडवीत लॅपटॉप उघडला. त्यांनी सीनबद्दल नुसतं ऐकलं होतं. शेवटपर्यंत पाहिला, मग म्हणाले,

"सूप मीच दिलं व्हतं तिच्या हातात."

काकूंनी हे कधीच सांगितलं नव्हतं. लेकाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं.

"आता गाव बघणार हे?"

"हो भाऊ. हा सीन माझा नाही, काकूंचा आहे. मी नाही काढणार."

"मग माझ्या दारात परत येऊ नको."

नाही जाणार. त्यांचं दुःख मला कळतं, तरीही काढणार नाही. येत्या रविवारी शाळेत सिनेमा दाखवतोय. काकू चार मिनिटं दाणे वेचतात. ती चार मिनिटं गावाने गप्प बसून पाहावीत. सुमन गेली त्या दिवशी काकूंजवळ एवढा वेळसुद्धा कुणी बसलं नव्हतं.