मोतीभाऊंची पहिली गाडी

मोतीलाल महाजन एस.टी.तून निवृत्त झाले, तेव्हा पाचोऱ्याच्या डेपोत शाल-नारळ झालं, दोन-तीन भाषणं झाली. घरी येता येता ते बायकोला म्हणाले, "आता एक गाडी घ्यायची. चारचाकी. आपली स्वतःची."

मंजुळाबाईंना हसू आलं. ज्यानं जन्मभर पाचोरा-धुळे गाडी हाकली, त्याच्या दाराशी सायकलीखेरीज काही उभं राहिलं नव्हतं. भाच्या-पुतण्यांच्या लग्नाला जायचं ते दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, गुडघे आखडून. पुढचा पोरगा गिअर टाकताना कचकच करायला लागला की भाऊंचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. बाईंना ते दिसायचं. आता त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते. एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. मुलगी सुलक्षणा धुळ्याला दिलेली, पण तिच्याकडे जायचं म्हटलं की बाई काहीतरी कारण काढून टाळायच्या.

"मी शेजारी बसणार पण," त्या म्हणाल्या. "मागं नाही."

आधी दोघं जळगावला गेले. हायवेवरच्या त्या शोरूममध्ये एसी इतका, की बाईंनी पदर खांद्यावरून लपेटून घेतला. टाय लावलेला एक जण आला. लोन करणार का, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. रोखीनं घेणार म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "चालवणार कोण? मुलगा?"

"मी," भाऊ म्हणाले.

"बरं बरं. मग तुम्हाला बिनगिअरची दाखवतो. या वयात ती सोपी."

 टेस्ट ड्राइव्हची गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगला गेलेली निघाली. पुढच्या वेळी गेले तर सांगितलेला भाव बदललेला. मॅट, सीटकव्हर, विमा, सगळं इथूनच घ्यावं लागेल म्हणे. भाऊ उठले. बाहेर येऊन रस्त्याकडेला उभे राहिले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

धुळ्याच्या शोरूममध्ये मात्र त्यांना ललित भेटला. किडकिडीत पोरगा, पण बोलण्यात अदब. भाऊंना पाहून खुर्चीतून उठलाच. "काका, तुम्ही मला नाही ओळखणार. मी पारोळ्याचा. कॉलेजला तुमच्याच गाडीनं यायचो. तुम्ही आम्हा पोरांसाठी स्टँडच्या बाहेर थोडी थांबवायचे."

भाऊंना एवढं पुरलं. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की बघ, याला म्हणतात माणसं. ललितनं चहा मागवला, गाडीचं बॉनेट उघडलं, बाईंना दार उघडून शेजारच्या सीटवर बसवलं, सीट मागंपुढं करून दाखवली. बाईंचे पाय सरळ झाले. त्या म्हणाल्या, "हीच घ्या."

"आधी चालवून तर बघू," भाऊ म्हणाले. बाई आत सोफ्यावर बसून राहिल्या. भाऊ आणि ललित गाडी घेऊन आग्रा रोडला लागले.

पहिली दोन-चार मिनिटं भाऊंना काही सुचेना इतकं बरं वाटलं. इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीच. बसचं ते जाडजूड स्टीअरिंग वळवायला सारं अंग लावावं लागायचं. हे नुसत्या बोटांनी वळत होतं. समोरचा रस्ता त्यांना लख्ख दिसत होता. लांबच्या ट्रकची नंबर प्लेट त्यांनी वाचून दाखवली. ललित हसला.

पेट्रोलपंपापाशी ललित एकाएकी ओरडला आणि त्यानं स्टीअरिंगवर झडप घातली. गाडी उजवीकडे हिसका खाऊन थांबली. भाऊंनी मान वळवली तेव्हा कुठे त्यांना दिसलं. डाव्या बाजूला एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि एक माणूस गुडघे झाडत उठत होता. त्याला लागलं नव्हतं. त्यानं दोन शिव्या हासडल्या, गाडी उचलली आणि निघून गेला.

"कुठून आला हा?" भाऊ म्हणाले.

ललितनं स्टीअरिंगवरचा हात काढला. मग हळू म्हणाला, "काका, तो पंपातून निघाला तेव्हापासून दिसत होता."

गाडी घेऊन दोघं परतले. शोरूमच्या दारात मॅनेजर उभाच होता. महिना संपत आलेला. "कशी वाटली गाडी?" त्यानं विचारलं.

ललित म्हणाला, "साहेब, काकांचा हात म्हणजे एकदम लोण्यासारखा."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. ललितनं नजर फिरवली. ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर भाऊंना त्या क्षणी त्या खोट्याचा आधार वाटला. त्यांनी बुकिंगच्या कागदावर सही केली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, डिलिव्हरी ठरली. बाईंना मोटारसायकलवाल्याबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नाही.

पण झोप लागेना. कुठून आला हा? अंगणात उभं राहून ते समोरच्या कडुनिंबाकडे बघायचे आणि हात हळूहळू बाजूला न्यायचे. हात लवकरच नाहीसा व्हायचा, खांद्याच्या कितीतरी अलीकडे. शेवटी पेन्शनच्या कामाला जातो म्हणून ते एकटेच जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रात डोकं घालायला लावलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. भाऊ वाट पाहत राहिले. बराच वेळ दिवा लागतच नव्हता. बाहेर आल्यावर कळलं, दिवे सारखे लागत होते.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. मधलं दिसतं, कडेचं गेलंय. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधानं राखायचं. गाडी मात्र चालवायची नाही."

"डेपोत आमचे डोळे तपासायचे. मी सगळी अक्षरं वाचायचो."

"अक्षरं समोर असतात ना. ती तुम्ही आजही वाचाल."

"हे कधीपासून असेल?"

"नक्की नाही सांगता येत. इतकं गेलंय म्हणजे बरीच वर्षं झाली."

भाऊ जिना उतरले आणि खालच्या औषधाच्या दुकानापुढे बाकावर बसले. बरीच वर्षं. म्हणजे पन्नास-साठ माणसं पाठीशी घेऊन ते जे चालवत होते, ते असंच. आणि मग पारोळ्याच्या पुढचा फाटा त्यांच्यासमोर आला.

निवृत्तीच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. भर दुपार. फाट्यावरून, डाव्या बाजूनं, एक मोटारसायकल रस्त्यावर आली आणि बसच्या तोंडाशी गेली. किरण नावाचा पोरगा, चोविशीचा. जागीच गेला. भाऊंनी जबाबात सांगितलं होतं, अचानक आडवा आला. कंडक्टरनं भाऊंच्या काळजीनं आणखी जोडलं, की पोरगा झोकांड्या खात येत होता. चौकशी झाली. भाऊ सुटले. डेपोतले म्हणाले, दारूडा होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी नव्हतं घेतलं. तो अचानकच आला होता. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला जाऊन ललितसमोर बसले. "मला गाडी नको. मला कडेचं दिसत नाही. तुला कळलं होतं."

ललितनं आजूबाजूला पाहिलं. "काका, हळू बोला. मला वाटलं वयामुळे जरा..." त्यानं समोरचे कागद सारखे केले. "माझ्या या महिन्यात दोनच गाड्या गेल्या होत्या. तिसरी नसती गेली तर घरी बसवणार होते."

"पारोळ्याहून माझ्या गाडीत बसायचा तू," भाऊ म्हणाले. ते रागात नव्हते. कोणकोण बसायचं, याचा ते मनाशी विचार करत होते.

मॅनेजर गोड बोलला. गाडी कालच पासिंगला गेली होती, भाऊंच्या नावावर चढली होती. नाव चढलेली गाडी कंपनी परत घेत नाही. "ड्रायव्हर ठेवा ना काका. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलं, आता मागं बसा आरामात." ग्राहक मंचात जायचं तर खुशाल जा, असंही तो शेवटी म्हणाला, तेही हसतच.

मग आखाजीच्या दिवशी भाऊ आणि बाई डिलिव्हरीला गेले. शोरूममध्ये गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. स्पीकरवर गाणं लावलेलं. भाऊंच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो काढला. मग त्यांना स्टीअरिंगमागं बसवून दुसरा. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. "कंपनीतून फोन येईल काका," मॅनेजर म्हणाला, "दहापैकी दहा द्या."

फोटो झाल्यावर भाऊ उतरले आणि किल्ली ललितच्या हातात दिली. "तू आण घरापर्यंत."

"अहो, तुम्ही चालवत नाही?" बाई म्हणाल्या. भाऊंनी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागं बसले.

पारोळं मागं पडलं. फाटा जवळ आला तसं भाऊ म्हणाले, "ललित, जरा बाजूला घे."

गाडी थांबली. भाऊंनी मागच्या सीटवरून, बायकोच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत, सगळं सांगितलं. यंत्र, दिवे, डॉक्टर. फाट्यावरचा पोरगा. ललित दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. 

बाई म्हणाल्या, "दारू पिऊन होता ना तो?"

"मला काय ठाऊक? मी त्याला पाहिलंच नव्हतं."

भाऊंनी दाराच्या हँडलला हात घातला. त्यांना तिथूनच किरणच्या गावात, त्याच्या आईकडे जायचं होतं. बाईंनी मागं वळून त्यांचा हात धरला. "हार घातलेल्या गाडीतून उतरून जाणार त्या माउलीच्या दारात? आज आखाजी आहे. घरोघर लेकी आल्यात. आज नाही."

त्या आठवड्यात भाऊ आधी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, बंद झालेली फाइल आहे. पेन्शन मिळतेय ना? कशाला उकरता?" खूप आग्रह केल्यावर त्यानं अर्ज ठेवून घेतला. डेपोत तर त्यांना खुर्चीही दिली नाही. तो कंडक्टर एकदा घरी आला, अंगणातूनच म्हणाला, "मी तुमच्यासाठी बोललो होतो," आणि निघून गेला.

कंपनीचा फोन खरंच आला. कुठल्या तरी लांबच्या गावची मुलगी विचारत होती, विक्री प्रतिनिधीच्या वागणुकीला किती गुण द्याल? भाऊ फोन कानाला लावून बसून राहिले. ती तिकडून हॅलो हॅलो करत राहिली, आणि मग तिनं फोन ठेवला.

रविवारी नवी गाडी दाराशीच ठेवून दोघं एस.टी.नं फाट्यावर उतरले. बाईंना उतरवायला कंडक्टरला हात द्यावा लागला. गाव फाट्यापासून जवळच. किरणची आई लताबाई ओट्यावर मिरच्या निवडत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा पोरामागोमाग वर्षभरात गेलेला. तिनं भाऊंना ओळखलं नाही. बसायला पोतं टाकलं.

"मी ती बस चालवत होतो," भाऊ म्हणाले.

लताबाईचा हात मिरच्यांतच थांबला.

"त्याची चूक नव्हती. माझे डोळे गेलेले होते. मला कळलं नव्हतं, आता कळलं. तो दिसायला पाहिजे होता, मला दिसला नाही."

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाली, "मना पोर्‍या दारू पेये नही. मी बठ्ठासले सांगे, गल्लीमा, गावमा. कोनीच आयकं नही."

"नव्हता पीत," भाऊ म्हणाले.

"त्याना बाप बी आयके नही. मरस तोपावत म्हणे, पेयेल व्हता म्हनीसन गया." मरेपर्यंत बापही पोराला दारूडाच समजत राहिला होता. तिनं सूप बाजूला केलं आणि ती उभी राहिली. "चाल. गल्लीमा सांग."

ती पुढं, भाऊ मागं. प्रत्येक दाराशी ती थांबायची, हाक मारायची आणि माणसं बाहेर आली की बाजूला उभी राहायची. भाऊ सांगायचे. काही जण मान खाली घालून ऐकत. एक तरणा माणूस भाऊंच्या अंगावर धावून आला. त्याला दोघांनी धरलं. लताबाईनं त्याला थांबवलंही नाही आणि चिथावलंही नाही. पुढच्या दाराशी गेली. गुडघ्यांमुळे मंजुळाबाई ओट्यावरच बसून राहिल्या होत्या, आणि नवऱ्याचा आवाज त्यांना एकेका घरावरून लांब लांब जाताना ऐकू येत होता.

परत आल्यावर लताबाई ओट्याच्या पायरीवर टेकली. तिनं विचारलं, "त्यानी तुमनाकडे देखं व्हतं का? त्या टायमाले?"

"मला नाही माहीत, अक्का," भाऊ म्हणाले. "त्या बाजूला मी पाहिलंच नव्हतं."

तिनं मान हलवली. मग सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. भाऊ आणि मंजुळाबाई थोडा वेळ तिथंच थांबले. दार उघडलं नाही. मग बाईंनी त्यांच्या डाव्या हाताला धरलं आणि दोघं हळूहळू फाट्याकडे चालू लागले.