मामाच्या हातचा उजेड

तापलेल्या दिव्यावर साचलेली धूळ जळू लागली की तिचा एक वास सुटतो. थोडा करपल्यासारखा, थोडा भाजलेल्या मातीसारखा. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेले नाटकाचे दिवे चैत्रात खाली काढावेत, पुसून बांबूला बांधावेत आणि भर दुपारी, खिडक्यांना ताडपत्र्या लावून केलेल्या अंधारात ते पहिल्यांदा पेटवावेत. क्षणभर काहीच होत नाही, मग तार लाल होते, मग पिवळी, आणि तो वास समाजमंदिरभर पसरतो. कुणाला बकुळीच्या फुलांनी बालपण आठवतं, कुणाला ओल्या गवताने. मला जळक्या धुळीने माझा मामा आठवतो.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. उरणजवळच्या आमच्या गावात, मिठागरं आणि भातखाचरं यांच्या मधल्या वस्तीत त्याचं घर. नोकरी कंपनीत वायरमनची. पण जीव गुंतलेला वस्तीच्या नाट्यमंडळात. जयंतीच्या आठवड्यात मंडळ दरवर्षी एक नाटक करी आणि त्या नाटकाचा उजेड मामाचा असे. माझ्या लहानपणी त्याच्याकडे कसलं यंत्र नव्हतं. चिनीमातीच्या उंच बरण्या, त्यांत मिठाचं पाणी, पाण्यात पत्र्याच्या दोन पट्ट्या; एक तळाशी, दुसरी दोरीने टांगलेली. दोरी सैल सोडली की वरची पट्टी पाण्यात उतरे, वीज वाहू लागे आणि रंगमंचावर पहाट होई. दोरी ओढली की सांज. मीठ आमच्याच बांधावरचं. ज्या मिठाने गावातल्या पिढ्यांचे तळपाय भेगाळले, त्याच मिठाच्या पाण्यातून मामा सूर्य काढत असे, आणि मी बरण्यांपासून चार हात लांब उभी राहून ते पाहत असे.

"बाय, लांबनंच बग," तो म्हणायचा. "ह्ये पानी साधं न्हाय. चावतंय."

पुढे बरण्या गेल्या, फिरवायच्या बटणांची लाकडी पेटी आली. पण हात तोच राहिला. त्या हाताचं मी काय वर्णन करू? तो कधी घड्याळ बघत नसे. पात्राने शेवटचा शब्द उच्चारला, त्याचा श्वास खाली बसला, की मामाचा अंगठा हलायचा, आणि प्रकाश असा ओसरायचा की तो कधी ओसरू लागला हे कुणालाच सांगता येत नसे. पौर्णिमेची भरती कोणत्या लाटेपासून उतरू लागली, हे काठावर बसलेल्या माणसाला तरी कुठे सांगता येतं?

मग त्या हाताला कंपवात जडला. आधी करंगळी, मग पंजा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. एका जयंतीला नाटकातल्या आईच्या पहाटेच्या प्रवेशात त्याचा अंगठा बटणावर ठरेना आणि रंगमंचावरची पहाट लुकलुकू लागली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "व्होल्टेज गेलं रे!" आणि माणसं हसली. वाईट मनाने नव्हे. नाटकाला आलेली माणसं हसतात तशी. मामाने प्रवेश पुरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लाकडी पेटी मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवली, किल्ली अध्यक्षांच्या हातावर ठेवली आणि नाटकाचं नाव काढणं सोडलं.

मी तोवर रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी संगणकावरून दिवे कसे चालवतात ते शिकले आणि त्यात रमले. गोष्ट तशी साधी आहे. लॅपटॉपला एक काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी जोडायची. तिच्यातून निघालेली केबल पहिल्या डिमरमध्ये, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीत जाते, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. प्रत्येक डिमरला एक क्रमांक दिलेला असतो, घराला असतो तसा. संगणक एका मागोमाग सगळ्यांना निरोप धाडत राहतो आणि ज्याने त्याने आपल्या क्रमांकाचा निरोप तेवढा ऐकायचा. पहाटेला चाळीस सेकंद हवेत? चाळीस लिहा, बटण दाबा. प्रकाश रेघ मारल्यासारखा सरळ वर चढतो. हात लागतच नाही. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा शाळेच्या रिकाम्या सभागृहात मी एकटीच उभी होते, आणि मला एकच विचार सुचला: मग मामाला परत येता येईल.

त्या वर्षी मार्चमध्ये मी लॅपटॉप, डबी आणि केबलचं वेटोळं घेऊन गावी गेले. मामा ओट्यावर बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. अलीकडे तो तसाच बसायचा. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे आकडा घालायचा नि बटण दाबायचं?"

"हो."

"मंग मी कशाला पायजे? आकडा तर तू बी घालशील."

"आकडा किती घालायचा ते मला कुठे कळतं, मामा?"

समोरच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रक एकामागून एक बंदराकडे चालले होते. मग तो उठला, आत जाऊन पायजमा बदलून आला आणि म्हणाला, "चल. बगून तरी येऊ."

समाजमंदिरात आम्ही दिवे बांधले. म्हणजे मी बांधले, तो खालून सांगत होता. तारा जोडल्या, क्रमांक लावले, लॅपटॉप सुरू केला. दिवे लागले, पण लागले ते लुकलुकतच. एक विझायचा, दुसरा आपणहून उसळायचा, तिसरा कुडकुडल्यासारखा थरथरायचा. मी एकेक जोड पुन्हा तपासू लागले. मामा मात्र खुर्चीवर बसून, कित्येक महिन्यांत हसला नव्हता तसा हसत होता.

"बाय, ह्या मशिनीचा बी हात थरथरतोय गं."

दोष कुठे आहे हे मला हळूहळू आठवलं. शेवटच्या डिमरपाशी तार उघडी सोडली की निरोप टोकाला आपटून उलटे फिरतात आणि नव्या निरोपांत मिसळून गोंधळ घालतात. टोकाला एक छोटा रोधक, म्हणजे रेझिस्टर, जोडून ते बंद करावं लागतं. मी सोल्डरिंगचं यंत्र तापवलं, शेंगदाण्याएवढा तो रोधक डाख देऊन प्लगमध्ये बसवला आणि प्लग शेवटच्या डिमरला लावला. दिवे तत्क्षणी शांत झाले. मामा प्लग हातात घेऊन पाहायला म्हणून उठला, पण हात पुढे करून त्याने मागे घेतला.

"तिच्यावर औषध हाय," तो म्हणाला. मला वाटलं, आता हा घरी जाईल. पण तो परत खुर्चीत बसला. "लाव. पहाट लाव."

नाटक मिठागरावरच्या एका आईचं होतं. मुलगा बोटीवर गेलेला, ती शेवटच्या प्रवेशात बांधावर बसून उजाडण्याची वाट पाहते. मी चाळीस सेकंद लावून पाहिले, साठ लावले, नव्वद लावले. मामा प्रत्येक वेळी मान हलवी. "ह्यो टूबलाइटचा उजेड हाय. पहाट आशी जिना चढल्यावानी येती व्हय?" त्याला काय हवं होतं ते त्याला सांगता येईना आणि मला लिहिता येईना. जे केवळ हाताला ठाऊक असतं, ते शब्दांत उतरवायचं कसं?

माझ्याकडे सरकत्या पट्ट्यांची एक छोटी पाटी होती. लॅपटॉपला जोडली की बोटाने पट्टी वर ढकलावी, तसा दिवा चढतो. आणि ती चाल संगणक साठवूनही ठेवतो. मी पाटी मामाच्या मांडीवर ठेवली.

"तू कर. एकदाच. पुढे मशीन तुझंच बघून करेल."

"हात दिसंल."

"इथे कुणी नाही, मामा."

त्याने पट्टीवर अंगठा ठेवला. मी रंगमंचाकडे वळले. काळोखात प्रथम काहीच नव्हतं. मग निळसर असं काही, जे आहे की नाही याची खात्री वाटेना. मग ते थरथरत, चाचपडत वर येऊ लागलं. मध्ये एका जागी थबकलं, जणू उगवायचं की नाही याचा पुन्हा एकदा विचार केला, आणि मग सावकाश फाकलं. मिठागरावरची पहाट मी शेकडो वेळा पाहिली होती. ती अशीच येते, पाण्याच्या चौकोनांवर कापत कापत. मी मागे वळले तेव्हा मामाच्या कपाळावर घाम होता.

"आता साफ कर," तो म्हणाला. "त्ये थरथरणं काढ. लोक हसतील."

संगणकात ती चाल रेषेसारखी दिसते. डोंगराच्या कडेसारखी दातेरी. ती गुळगुळीत करणं हे चार बटणांचं काम. त्या संध्याकाळी मी ते करूनही पाहिलं. रेषा सुरेख झाली, आणि पहाट मेली. मी दातेरी चाल तशीच ठेवली आणि मामाला सांगितलं नाही. मला तो हक्क होता का? आजही मी स्वतःला हा प्रश्न विचारते, आणि उत्तर दरवेळी वेगळं येतं.

प्रयोगाला मामा माझ्या शेजारी बसला, नवा सदरा घालून, हात काखेत. मामी नेहमीप्रमाणे रंगमंचामागे, बायकांच्या पदरांना टाचण्या लावत; आयुष्यभर मंडळाचे कपडे तिने सांभाळले, पण नवऱ्याचा उजेड समोरून कधी पाहिला नाही. शेवटचा प्रवेश आला. मी बटण दाबलं. उजेड थरथरत वर येऊ लागला, आणि शेजारी मामाचं अंग ताठ झालेलं मला जाणवलं. आता कुणी हसतं का, म्हणून मी कान देऊन बसले होते. कुणी हसलं नाही. मागे कुणाचं तरी तान्हं कुरकुरलं, तेवढंच. बांधावरची आई उठून उभी राहिली आणि उजाडलं.

गर्दी पांगल्यावर मामा म्हणाला, "तू साफ केलं न्हायस."

"नाही."

त्याने रंगमंचाकडे पाहिलं. तिथे माणसं पडदे उतरवत होती. "पुढल्या वर्षाला करू साफ," तो म्हणाला. रागावला होता की नाही, ते मला ओळखता आलं नाही.

पुढचं वर्ष त्याला लाभलं नाही. भाद्रपदात तो गेला. मंडळाने नवं नाटक घेतलं; त्यात पहाट नव्हती. ती चाल लॅपटॉपमध्ये पडून राहिली. रेवदंड्याला घरी एकटी असताना मी कधी ती उघडून नुसती रेषा पाहत बसायचे. दिवा लावायचा धीर होत नसे.

या दिवाळीत मामीकडे गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "बाय, त्याचा त्यो उजेड हाय ना तुझ्यापाशी? मला दाखीव की. मी कधी बगितला न्हाय."

मंडळाच्या खोलीतून एक दिवा आणि डिमर आणला. मधल्या घराची दारं लावली, खिडकीवर गोधडी टाकली आणि दिवा पांढऱ्या भिंतीकडे वळवला. मामी जमिनीवर पाय पसरून बसली. मी बटण दाबलं. भिंतीवर ते निळसर काहीतरी आलं, कापत कापत चढू लागलं. ते थबकलं त्या जागी मी तिला हलकेच म्हणाले, "हे बघ, इथे तो मुद्दाम थांबलाय. असं थांबणं कुणाला सुचत नाही, मामी."

मामीने भिंतीवरून नजर न काढता मान हलवली.

"मुद्दाम न्हाय गं," ती म्हणाली. "हितं त्यानं हात बदलला. उजवा दमला की डाव्यावर घ्यायचा. जेवताना बी आसंच. घास वाटेत थांबायचा, मंग दुसऱ्या हातानं."

समाजमंदिरात त्याने पट्टी ढकलली तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर होते, आणि रंगमंचाकडे बघत होते.

उजेड पुरा चढला, भिंतीवर स्थिर झाला. मामी म्हणाली, "परत लाव."

मी परत लावला. या वेळी मी भिंतीकडे पाहिलं नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. उजेड तिच्या गालावर थरथरत चढला, थबकला, आणि तेवढ्यात मांडीवरचा तिचा हात सहज पुढे झाला. जेवणाच्या पाटाशी वर्षानुवर्षं होत आला असेल तसा, कुणाचा तरी हात धरायला.