हॉलमधली राखण

आमच्या मलकापूरच्या घरात हॉल एकच, आणि त्याच्यावर हक्क सांगणारे फार. खिडकीपाशी माझं शिलाई मशीन, समोर नवऱ्याचा टीव्ही आणि मधल्या भिंतीला फिंचचा पिंजरा. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली तेव्हा घर इतकं गप्प झालं की मशीन थांबलं की मला कसंतरीच व्हायचं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईंकडे ही पाखरं पाहिली आणि त्याच आठवड्यात एक जोडी घरी आणली. माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर सासरची माणसं सांगतील, आणि ती तिखटमीठ लावून सांगतील.

झेब्रा फिंच म्हणजे चिमणीच्या निम्मं पाखरू. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, मादी साधी राखी, आणि दोघांचीही चोच लिपस्टिक लावल्यासारखी लाल. आवाज जत्रेतली रबरी बाहुली दाबावी तसा. पाळायला सोपी. राळा, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा, मेथीची दोन पानं आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर खूश. धाग्याची तेवढी भीती. माझ्या मशीनखाली धाग्यांचा सडा असतो, आणि त्यातला एक जरी पायात गुंतला तर पाखराचा पाय जातो. म्हणून घरट्याच्या मडक्यात मी फक्त काथ्या आणि वाळलेलं गवत देते, आणि दिवसभर झाडत असते.

पाळणं सोपं, पण पिल्लं वाढवणं महाकठीण. पहिली अंडी पोकळ निघाली, दुसरी त्यांनीच मडक्याबाहेर ढकलली. माझी पाखरं आपल्या हातची पिल्लं कधी उडवतील, याचा मला ध्यासच लागला होता.

त्या दिवाळीनंतर मामाजी आमच्याकडे आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून पिंपळगाव राजा या गावी एकटेच राहायचे. एक दिवस अंगणात पाय घसरून पडले आणि शेजारची बाई दूध द्यायला येईस्तोवर तसेच पडून राहिले. ते कळलं तसा माझा नवरा जीप करून गेला आणि त्यांना घेऊनच आला. आल्या आल्या त्यांनी दाराआडच्या खिळ्याला आपली कापडी पिशवी अडकवली आणि म्हणाले, "चार दिवस राह्यतो अन् जातो."

मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता. त्यात त्यांनी चष्म्याचं घरसुद्धा ठेवलं नाही. धोतर धुवायचे, वाळवायचे, घडी घालायचे आणि परत पिशवीत. ती पिशवी पाहिली की मला पिंपळगावचं ते अंगण आठवायचं. परत गेले आणि परत पडले, तर दूधवाली दरवेळी वेळेवर येईलच असं थोडंच आहे?

पिंजऱ्यापुढे ते पहिल्याच दिवशी थबकले.

"हे काय व बाई?"

"पाखरं हायेत मामाजी. पाळलीत."

"थे दिसून राह्यलं. पन यायले दाने घालून राह्यली तू? इकत आनून?"

"हाव."

त्यांनी कपाळावर हात मारला. "जिंदगी गेली माही यायले वावरातून हाकलता हाकलता. अन् लेकाच्या घरी यायले वाटीत वाढून राह्यले!"

ते खोटं नव्हतं. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की मामाजी मचाणावर असायचे. हातात गोफण, बाजूला वाजवायला रिकामा डबा आणि घशात पाखरं उडवायची हाळी. पाखरं तांबडं फुटताच उतरतात, म्हणून राखणदाराने त्यांच्याआधी जागं असावं लागतं. आता पिंपळगावच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशी झाली. पाखरांना त्यात गोडी नाही, म्हणून राखणही गेली. शिवारातून गेली तरी मामाजींच्या घशात ती तशीच राहिली होती, हे आम्हाला लवकरच कळलं.

ते हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. तेव्हा माझी मादी पुन्हा अंड्यांवर होती. मोबाइलचा उजेड मागून धरला तर अंड्यात लाल रेषा दिसत होत्या, म्हणजे या वेळी जीव धरला होता. थंडीची पहाट होती. उजेड झाला तशी पाखरं पिंपिं करू लागली, आणि मामाजी झोपेतच उठून बसले.

"हुर्र्र्र हाऽऽऽ! हाऽऽऽ!"

तेवढ्यावर थांबले नाहीत. उशाशी तांब्या होता, त्याचं झाकण तांब्यावर बडवलं. शेजारच्या घरात लाइट लागला. पिंजऱ्यात नुसती फडफड. मादी मडक्यातून निघाली ती जाळीला धडकली, आणि मामाजी आडवे होऊन पुन्हा घोरू लागले. दुसऱ्या पहाटे तेच. त्यानंतर जोडीने मडक्यात पाय ठेवला नाही. अंडी गार पडली.

मला रडू आलं. नवरा म्हणाला, "चिंचोक्याएवढ्या अंड्यासाठी कोनी रडते का?" मी म्हटलं, कोणी रडत नाही, मी रडते. मग त्याने वडिलांना हसत हसत सगळा प्रकार सांगितला. मामाजी हसले नाहीत. पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मले काईच आठवत नाई बाई," म्हणाले.

पिंजरा हलवावा तर कुठे? गॅलरीत मांजर येतं, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, आणि बेडरूममध्ये नवऱ्याची झोप, तिला तर काचेच्या भांड्यासारखं जपावं लागतं. तो म्हणाला, "देऊन टाक कोनाले तरी." झालं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण आमच्या भिंती पातळ आणि माझा आवाज जाड, त्यामुळे ते हॉलपर्यंत गेलं असणार. बाहेर येऊन पाहते तर मामाजी चपला घालून दारात उभे आणि हातात ती पिशवी.

"मी जातो बाई. पाखरू बसलं पायजे आपल्या घरट्यात."

मी दार अडवलं, पण तोंडातून निघालं ते नेहमीसारखंच. "पिशवी ठेवा खाली. सुनेनं पाखरासाठी सासऱ्याले हाकललं म्हणतीन लोक. मंग मी लोकायसंग भांडत बसू का ब्लाउज शिवू?"

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. पिशवी परत खिळ्याला गेली. खणात मात्र नाहीच.

पाखरांचं बरं असतं, ती फार दिवस रुसत नाहीत. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले आणि मादीने पुन्हा अंडी दिली. मी देवाला नव्हे, मामाजींच्या घशाला हात जोडले. आणि नवल म्हणजे पहाटेची हाळी बंद झाली. मामाजी रात्री डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळून झोपायचे. थंडी होती, म्हातारा माणूस कान बांधतो, त्यात विचारायचं काय?

दिवसा मात्र त्यांच्यात फरक पडत गेला. राळ्याचे दाणे तळहातावर घेऊन म्हणाले, "हा तं राळा! लहानपनी याचा भात खाल्ला आमी." मग खुर्ची पिंजऱ्यासमोर आली. मी मशीनवर असले की ते मला बातम्या देत. "आता नर बसला बाई. बायको जेवून राह्यली." फिंचमध्ये नरही पाळीने अंड्यांवर बसतो, हे त्यांना फार आवडलं होतं. माझ्या नवऱ्याला ते मुद्दाम ऐकवायचे. क्रिकेट लागलं की स्वतःच उठून टीव्हीचा आवाज बंद करायचे, आणि माझा नवरा मुक्या माणसांची मॅच पाहत बसायचा.

एके दिवशी मडक्यातून बारीक चिरचिर ऐकू आली. पिल्लं निघाली होती. उघडीनागडी, गुलाबी, डोळे मिटलेली. मी उकडलेलं अंडं कुस्करून वाटीत ठेवलं, आणि मामाजी म्हणाले, "तिच्या बाळंतपनाचं तूच करून राह्यली म्हना." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी हॉस्टेलवर फोन करून लेकीची ऐन परीक्षेत झोप मोडली.

होळी झाली आणि मलकापूर तापायला लागलं. नवऱ्याने कूलरला नवीन गवत भरलं, रात्री अंगावर चादर नकोशी झाली. एका पहाटे नळाला पाणी आलं म्हणून मी उठले. हॉलमधून जाताना पाहिलं तर मामाजींच्या तोंडाला गमछा तसाच. कान उघडे होते. गमछा तोंडावरून घट्ट ओढून मागे गाठ मारलेली, आणि घामाने तो ओलाचिंब झालेला.

माझी चाहूल लागून ते जागे झाले. मी विचारलं, "थंडी गेली ना मामाजी. हा गमछा काऊन?"

त्यांनी तो हनुवटीखाली ओढला. गालांवर वळ उमटले होते. चोरी पकडल्यासारखे खाली पाहत म्हणाले, "तोंडाचा भरोसा नाई बाई. झोपीत निंगून जाते. गाठ असली का आवाज अंदरच राह्यते."

सगळा हिवाळा हा माणूस तोंड बांधून झोपला होता, आणि आम्ही त्याला थंडी समजत होतो. रडायचं नव्हतं म्हणून मी गाठ सोडायला घेतली, आणि ती सुटेना. माझ्या नखांनी भल्याभल्या शिवणी उसवल्या आहेत, पण त्या गाठीला वेळ लागला.

"राहू दे," ते म्हणाले. "पिल्लं उडेलोग राहू दे."

"काईच नाई राहू द्याचं. आजपासून दाने तुमी टाकाचे. अन् टाकताना थोच आवाज द्याचा. आदी हळू, मंग मोठा. सवय होईन त्यायले."

"हाकलाचा आवाज देऊन जेवाले बोलवाचं?"

"हाव."

"उलटंच हाय तुह्यं समदं," ते म्हणाले. पण गमछा त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला.

जागेपणी त्यांना ती हाळी जमेना. पहिल्या दिवशी नुसता खोकला निघाला. लाजत होते. मी मशीन जोरात चालवून ऐकत नसल्याचं सोंग केलं, तेव्हा हळूच "हुर्र्र" आलं. पाखरं कोपऱ्यात पळाली, मग वाटीत राळा दिसला तशी परतली. असं रोज. हाळी वाढत गेली तशी त्यांची पळापळ कमी होत गेली. पिल्लं मडक्यातून बाहेर आली, पिटुकली, काळ्या चोचींची. त्यांना तर हाक म्हणजे जेवण एवढंच माहीत. आई-बापाच्या मागे दांडीवर सरकत यायची. शेजारीण एकदा विचारून गेली की तुमच्याकडे सध्या कसला आवाज येतो. मी म्हटलं, आमच्याकडे पंगतीला बोलावणं असतं.

आणि मग ती पहाट आली. मी स्वयंपाकघरात भांडी भरून घेत होते. हॉलमधून हाळी उठली, अगदी पहिल्यासारखी, भर शिवारातली. तांब्यावर झाकण बडवल्याचा आवाजही आला. मी हातातली कळशी तशीच टाकून धावले. तिकडून नवरा धावला.

मामाजी स्वतःच्याच आवाजाने जागे होऊन दिवाणावर बसले होते. केस उभे, हातात झाकण. आणि पिंजऱ्यात सगळं कुटुंब, नर, मादी आणि पिल्लं, वाटीजवळच्या दांडीवर ओळीने येऊन बसलं होतं. एकदा रिकाम्या वाटीत पाहत होतं, एकदा मामाजींकडे.

मामाजींनी झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "आँ? मी हाकलून राह्यलो, अन् हे जेवाले बसले!" आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना तसं हसताना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला, उठले आणि आधी वाटीत राळा घातला.

मग ते दाराकडे गेले आणि खिळ्यावरची पिशवी काढली.

मला वाटलं, पिल्लं उडाली, राखण संपली, आता हे निघाले. "काऊन मामाजी?" मी म्हटलं, "कुठी निंगाले?"

ते पिशवी छातीशी धरून उभे राहिले. पिंजऱ्यात दाणे फोडल्याची कुरकुर चालू होती.

"कुठीच नाई," ते म्हणाले. "थो कपाटातला खन रिकामाच हाय का व अजून?"