टाच दाखवायला म्हसळ्याला

म्हसळ्याला सुकट विकून येते, असं घरी सांगून मी निघाले. पिशवीत थोडं सुकट घेतलंही होतं, म्हणजे बोलणं अगदीच खोटं ठरू नये. खरं तर मला उजवी टाच दाखवायची होती. श्रीवर्धनला दवाखाना आहे, पण तिथल्या बाकावर आमच्या कोळीवाड्यातलं कोणीतरी बसलेलं असतंच.

दुखण्यापेक्षा मला माझ्या मावशीची आठवण जास्त छळत होती. तिला साखरेचा आजार होता. टाचेला एक फोड आला, पण पाय बधिर झाल्याने तो तिला कळलाच नाही. चिघळला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझी टाच चार महिने दुखत होती. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. सासूबाईंनी तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकायला सांगितलं. वीट जास्त तापली आणि माझ्याही टाचेला फोड आला. तेव्हापासून झोप उडाली होती.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. सुपारीच्या वाड्या मागे पडल्या, चढ लागला. समुद्र दिसेनासा झाला तसं मला एकटं वाटायला लागलं. डॉक्टरांपुढे काय बोलायचं ते मी मनात घोकत होते. शेजारी म्हसळ्याच्या एक वयस्कर मुसलमान बाई होत्या.

"ओठ हलवतेस, दुआ मागतेस काय?" त्यांनी विचारलं.

मला लाज वाटली. टाच दुखते, एवढंच सांगितलं.

"माझ्या जावेच्या टाचेचं हाड वाढलेलं. डॉक्टरसमोर बोल हां. नायतर जीभ सुकटात ठेवून येशील." पिशवीचा वास त्यांना आधीच आला होता. उतरायच्या आत निम्मं सुकट त्यांनी घेतलं.

म्हसळ्याच्या स्टँडवर उतरताना टाच टेकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बसून आले तरी एवढं दुखतं, म्हणजे आत काहीतरी सडतंय, असं वाटलं. दांडा धरून तशीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा की, गाडी पुढं जायची हाय."

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. सोबत भाकरी आणि सोड्यांची (सोललेल्या सुक्या कोळंबीची) चटणी होती. फडकं सोडलं आणि तसंच परत बांधलं.

डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. घोकलेलं सगळं विसरले. नुसता पाय पुढे केला.

"हा फोड कसला?"

"विटेचा."

"भाजलं तेव्हा कळलं?"

"ओरडले मी."

"मग बरंय." त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसाने तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श केला. प्रत्येक वेळी मला कळलं. मग बोट टोचून साखर बघितली. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"साखर ठीक आहे. दिवसभर कशावर उभ्या असता?"

"सिमेंटच्या खळ्यावर (मासळी सुकवायच्या जागेवर)."

"चप्पल?"

"नाही. जवळा पसरलेला असतो. खायच्या वस्तूत चपला घालून कोणी जात नाही."

मग त्यांनी स्वतःच्या हातावर ताणून दाखवलं. तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो टाचेला धरून असतो. कडक जमिनीवर अनवाणी उभं राहून तो दुखावतो. झोपलं किंवा बसलं की आखडतो, म्हणून पहिलं पाऊल जास्त दुखतं. एसटीतून उतरताना तेच झालं होतं. उठण्याआधी बोटांना पदर अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. मऊ तळाची चप्पल घालायची. फोड सुकला की बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. बरं व्हायला काही महिने लागतील. फोडाला मलम दिलं. तो चिघळला, पाय सुजला किंवा बधिर झाला तर लगेच यायला सांगितलं.

"पाय कापावा लागणार नाही ना?" शेवटी विचारलं.

"नाही हो. फक्त विटेपासून लांब राहा."

बंदरावर पेटीपेटीने बर्फ असतो आणि मी वीट तापवत बसले होते.

बाजारातून मऊ चपला घेतल्या. परतीच्या वाटेवर नवीन धास्ती लागली. खळ्यावर चप्पल घातली तर बायका काय म्हणतील, आणि सासूबाई?

घरी पिशवी कोपऱ्यात ठेवली, पण सासूबाईंनी पाहिलीच.

"सुकट इकलंस आन चपला आनल्यास?"

मग सगळं सांगितलं, मावशीच्या पायासकट. त्या बराच वेळ चपलेचा तळ दाबून बघत होत्या. मग म्हणाल्या, "धुवून खल्यावरच ठेव. रस्त्याला न्हाय घालायच्या." दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "कोन बोललं तर मला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांना पदर अडकवून पाय ओढला. पलीकडच्या चटईवरून सासूबाई बघत होत्या. त्यांनीही लुगड्याचं टोक आपल्या बोटांना अडकवलं. त्यांचीही टाच दुखते, हे इतक्या वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मी उठले. टाच दुखलीच. खिडकीच्या उजेडात फोड नीट बघितला, हात लावला, कळलं. अजून रोज बघते.